रेग्युलेटर कोणत्या कंपनीचा, यापेक्षा तो शेवटचा कधी उघडला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी जवळ आली की पर्यटन पुरवण्यांत मालवण, तारकर्ली, देवबाग आणि गोव्याच्या ग्रँड आयलंडचे स्कूबा डायव्हिंग हमखास असते. माणशी दर, फोटो-व्हिडिओ मिळतो की नाही, जेवणाची सोय, सगळे छापून येते. ज्या उपकरणातून माणूस पाण्याखाली श्वास घेणार, त्या रेग्युलेटरबद्दल मात्र एक ओळही नसते. व्यवसाय करणारे बांधव, नव्याने शिकणारे तरुण आणि पहिल्यांदाच पाण्याखाली जाणारे पर्यटक या तिघांनाही उपयोगी पडेल अशी माहिती एका ठिकाणी मिळावी म्हणून हे पत्र. थोडे लांबले आहे, पण विषय श्वासाचा आहे. कृपया काटछाट न करता छापावे, ही विनंती.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ११.१ लिटर आकारमानाची ॲल्युमिनियमची टाकी वापरतात. ती २०० बारपर्यंत (बार हे दाबाचे माप) भरली की तिच्यात साधारण २,२०० लिटर हवा मावते. टाकीच्या तोंडावर बसणारी फर्स्ट स्टेज हा दाब भोवतालच्या पाण्याच्या दाबापेक्षा ९ ते १० बार जास्त, इतक्यावर आणते. या जादा दाबालाच पुढे ‘मधला दाब’ म्हटले आहे. तोंडात धरायची सेकंड स्टेज तो आणखी उतरवून आपण ज्या खोलीवर असू त्या खोलीच्या दाबाची हवा देते, तीही श्वास ओढला तरच. सेकंड स्टेजची झडप हवेच्या प्रवाहाच्या दिशेने उघडणारी असते. त्यामुळे आत काही बिघडले तर हवा बंद पडण्याऐवजी ती भसाभसा सुटू लागते. याला फ्री-फ्लो म्हणतात. त्यात श्वास घेता येतो, पण टाकी काही मिनिटांत रिकामी होते.

हवा खरोखर थांबण्याची कारणे मोजकी आहेत: टाकीचा व्हॉल्व्ह अर्धवट उघडलेला, फिल्टर गाळाने किंवा गंजाने तुंबलेला, होज म्हणजे हवेची नळी आतून बंद झालेली, किंवा टाकीच संपलेली. ही जवळपास सगळी किनाऱ्यावर पकडता येतात. म्हणून विश्वासार्ह रेग्युलेटर कोणता, या प्रश्नाला कंपनीचे नाव हे अर्धेच उत्तर आहे. उरलेले अर्धे उत्तर त्याच्या देखभालीच्या नोंदीत असते.

आधी खरेदी. नामांकित कंपन्यांचे रेग्युलेटर युरोपच्या ईएन २५० या मानकाप्रमाणे तपासलेले असतात. ५० मीटर खोलीइतक्या दाबाखाली, मिनिटाला ६२.५ लिटर हवा ओढणाऱ्या यंत्राला जोडून, श्वासाला किती कष्ट पडतात ते त्यात मोजतात. २०१४ च्या आवृत्तीपासून फर्स्ट स्टेजवर ‘ईएन २५० ए’ असा शिक्का असू शकतो. त्याचा अर्थ असा की एकाच फर्स्ट स्टेजवर दोघे जण एकाच वेळी श्वास घेत असताना, ३० मीटरच्या दाबाखाली, ती तपासलेली आहे. ज्याच्या ऑक्टोपसवर, म्हणजे दुसऱ्याला देण्यासाठी ठेवलेल्या जादा सेकंड स्टेजवर, दुसऱ्या माणसाचा जीव अवलंबून राहणार, त्या प्रशिक्षकाच्या सेटवर हा ‘ए’ असलाच पाहिजे. ‘> १० °से’ असे कोरलेले दिसले तर तो सेट थंड पाण्यासाठी नाही. कोकणातल्या पाण्यात त्याने काही अडत नाही आणि थंड पाण्याच्या महागड्या मॉडेलवर पैसे घालायची गरजही नाही.

फर्स्ट स्टेज दोन जातींच्या, पिस्टनच्या आणि डायफ्रॅमच्या, म्हणजे लवचीक पडद्याच्या. साध्या, अनबॅलन्स्ड पिस्टनमध्ये हलणारे भाग फार थोडे, सर्व्हिस सोपी, किंमत कमी. टाकीतला दाब उतरत जातो तसा त्याचा मधला दाब बदलतो आणि शेवटच्या ४०-५० बारला श्वास जड लागतो. पाच-सहा मीटरच्या चाचणी डायव्हला, म्हणजे पर्यटकाच्या पहिल्या अनुभवाच्या डायव्हला, तो पुरेसा आहे, उगाच नाक मुरडण्याचे कारण नाही. पण बहुतेक पिस्टन रचनांत स्प्रिंगच्या भोवती समुद्राचे पाणी खेळते, आणि खाडीच्या तोंडाजवळचा आपला गाळ व बारीक वाळू तिथे जाऊन बसते. तारकर्ली-देवबागसारख्या ठिकाणी रोज वापरायचा सेट घ्यायचा असेल तर सीलबंद डायफ्रॅम, बॅलन्स्ड फर्स्ट स्टेज घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. मुख्य स्प्रिंगपर्यंत गाळ आणि मीठ पोचत नाही, आणि टाकी भरलेली असो वा उतरलेली, श्वास सारखाच राहतो. १८ मीटरच्या खाली जाणाऱ्यांनी तर अनबॅलन्स्ड सेटचा विचारच करू नये.

जोडणी दोन प्रकारची. योक म्हणजे टाकीच्या व्हॉल्व्हवर चिमट्यासारखी आवळायची, आणि डिन म्हणजे आट्यांनी आत फिरवायची. डिनमध्ये ओ-रिंग, म्हणजे हवा गळू न देणारी रबरी कडी, बंदिस्त खोबणीत बसते, त्यामुळे ती बाहेर फेकली जाण्याची शक्यता फार कमी. योकची ओ-रिंग टाकीच्या व्हॉल्व्हवर उघडी असते, उन्हाने कडक होते, चिरते, आणि होडीच्या फळीवर टाकी आपटली की योक किंचित सरकून तीच ओ-रिंग फुटते. आपल्या किनाऱ्यावर बहुतेक टाक्या योकच्याच आहेत, त्या रातोरात बदलणार नाहीत. पण प्रत्येक होडीवर योग्य मापाच्या नव्या ओ-रिंग असाव्यात आणि रोज सकाळी प्रत्येक टाकीची ओ-रिंग बोटाने चाचपून पाहावी, याला खर्च काहीच येत नाही.

खरेदीत सर्वात महत्त्वाचा प्रश्न दुकानात कोणी विचारत नाही. या मॉडेलचा सर्व्हिस किट भारतात मिळतो का? त्यात हाय प्रेशर सीट आणि लो प्रेशर सीट (दोन्ही स्टेजच्या झडपा जिच्यावर मिटतात ती बैठक), फिल्टर आणि सगळ्या ओ-रिंग असतात. किटसाठी तीन महिने वाट पाहावी लागली तर भर हंगामात तो रेग्युलेटर एक तर कपाटात पडून राहील, नाही तर जुन्याच सीटवर चालत राहील. दुसरे घडते असेच आम्ही पाहतो. म्हणून एका केंद्राने शक्यतो एकाच मॉडेलचे सेट घ्यावेत आणि दर तीन-चार सेटमागे एक किट आधीच आणून ठेवावा. परदेशातून स्वस्तात आणलेला जुना सेट खरेदी करताना किटची किंमत त्यात धरावी. बऱ्याचदा तो स्वस्त राहत नाही.

आता सर्व्हिस. पुस्तिकेत ‘वर्षातून एकदा किंवा १०० डायव्ह, जे आधी होईल ते’ असे लिहिलेले असते. काही कंपन्या दोन वर्षे किंवा २०० डायव्ह म्हणतात आणि मध्ये वर्षाला एकदा तपासणी मागतात. आपण सोयीने ‘वर्षातून एकदा’ एवढेच वाचतो. हौशी माणूस वर्षात २० डायव्ह करतो, त्याला ते लागू आहे. पर्यटकांसाठी वापरला जाणारा सेट दिवसाला पाच वेळा पाण्यात जातो. २० दिवसांत त्याचे १०० डायव्ह भरतात. ऑक्टोबर ते मे या हंगामात त्याची सर्व्हिस एकदाच झाली असेल तर ती वेळेवर झाली असे म्हणताच येत नाही. चाचणी डायव्ह उथळ असतात, प्रत्येक वेळी पूर्ण सेट खोलायची गरज नसते हे खरे. पण दर महिन्याला मधला दाब मोजणे आणि हंगामाच्या मध्यावर एकदा सीट व ओ-रिंग बदलणे, याच्या खाली उतरू नये.

मधला दाब मोजणे हे काम कुणीही शिकू शकते. बीसीडी, म्हणजे हवा भरून तरंगण्याचे जाकीट, त्याच्यात हवा भरणाऱ्या इन्फ्लेटर होजला जोडता येतो असा एक छोटा गेज मिळतो, शून्य ते २० बारचा. भरलेल्या टाकीवर सेट चढवावा, गेज लावावा, व्हॉल्व्ह हळूहळू उघडावा. काटा त्या मॉडेलच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्यावर, समजा ९.५ बारवर, येऊन एकदम थांबला पाहिजे. सेकंड स्टेजवरचे, हवा सोडायचे पर्ज बटण दाबले की तो एखादा बार खाली येतो आणि सोडले की झटकन परत जागेवर. आता दहा मिनिटे हात न लावता बघत राहायचे. काटा ९.५ वरून ९.७, ९.९, १०.२ असा चढत राहिला तर हाय प्रेशर सीट नीट मिटत नाही. सीटच्या प्लास्टिकवर खाच पडलेली असते किंवा मिठाचा कण रुतलेला असतो. असा सेट किनाऱ्यावर पाच मिनिटे अगदी ठणठणीत वाटतो. होडी डायव्हच्या जागी पोचेपर्यंत दाब ११-१२ बारवर जातो आणि सेकंड स्टेज आपोआप फुसफुसू लागते. लोक सेकंड स्टेजचा ॲडजस्टमेंट स्क्रू आवळून ती फुसफुस बंद करतात. मूळ दुखणे तसेच राहते, वर श्वास जड होतो. हा प्रकार सर्रास चालतो आणि तो थांबला पाहिजे.

नव्या सीटबद्दल एक सांगायचे राहू नये. सीट बदलल्यावर पहिल्या काही डायव्हमध्ये तिच्यावर धातूच्या कडेची गोल खूण दाबून बसते आणि मधला दाब किंचित बदलतो. सर्व्हिसनंतर पाच-सहा डायव्ह झाले की दाब पुन्हा मोजून लागेल तसा जुळवायचा असतो. सर्व्हिस करून आणला म्हणजे झाले, असे नाही.

सेकंड स्टेज तपासायला फक्त पाण्याची बादली लागते. टाकी उघडी ठेवून माउथपीस वर आकाशाकडे धरायचा आणि सेकंड स्टेज हळूहळू पाण्यात उतरवायची. मधला पडदा पाण्याच्या पातळीखाली साधारण अडीच ते चार सेंटिमीटर गेला की हिस्स असा आवाज येऊन हवा सुटली पाहिजे. त्याआधीच सुटली तर ती फार हलकी आहे, पाण्यात उडी मारताच फ्री-फ्लो होईल. सहा-सात सेंटिमीटर गेली तरी सुटत नसेल तर दमलेल्या माणसाला ती पुरणार नाही. ऑक्टोपस मुद्दाम थोडा जड ठेवतात, कारण तो तोंडात नसतो आणि प्रवाहाने आपोआप सुटू नये. पण तो इतका जड करू नये की घाबरलेल्या माणसाला त्यातून हवाच ओढता येणार नाही.

दुसरी चाचणी टाकी न जोडता करायची. फर्स्ट स्टेजचे झाकण लावलेले असताना माउथपीसमधून हळूच श्वास ओढावा. काही आत येता कामा नये, पडदा ओढला गेल्यासारखा वाटून श्वास अडला पाहिजे. हवा आली तर पडदा फाटलेला आहे, किंवा उच्छ्वासाची रबरी पाकळी दुमडलेली आहे, किंवा तिच्या कडेला वाळूचा कण आहे. पाण्याखाली तिथूनच पाणी येते. श्वासाबरोबर घोटभर खारे पाणी घशात गेले की नवखा माणूस माउथपीस थुंकून वर पळतो. माउथपीस धरून ठेवणारा प्लास्टिकचा पट्टाही ओढून पाहावा. तो तुटला तर माउथपीस दातांत राहतो आणि सेकंड स्टेज खाली लोंबकळते.

टाकीच्या तोंडाशी बसणाऱ्या छोट्या धातूच्या फिल्टरचा रंग बघायची सवय ठेवावी. तो चकचकीत राखाडी असावा. हिरवट झाला तर फर्स्ट स्टेजमध्ये समुद्राचे पाणी गेले आहे. तांबूस असेल तर कुठल्या तरी लोखंडी टाकीतला गंज आला आहे. काळपट असेल तर कॉम्प्रेसरच्या फिल्टरचा कोळसा सुटला आहे. रंग बदललेला फिल्टर नुसता धुऊन परत बसवू नये. बदलावा, आणि तो रंग कुठून आला ते शोधावे.

होजबद्दल थोडक्यात. दोन्ही टोकांची रबरी टोपणे मागे सरकवून क्रिंपजवळचा (टोकाला आवळलेल्या धातूच्या कडीजवळचा) भाग वाकवून बघावा, चिरा तिथेच असतात. पंक्चर काढताना ट्यूब बुडवतात तसा संपूर्ण सेट दाबाखाली गोड्या पाण्यात बुडवून बुडबुडे शोधावेत. टाकीतला दाब दाखवणाऱ्या गेजच्या मुळाशी असलेल्या फिरत्या जोडातून येणारे बारीक बुडबुडे सर्वांत नेहमीचे, त्यातली दोन टोकांना ओ-रिंग असलेली बारीक पिन बदलली की काम झाले. विणकामाचे दिसणारे लवचीक होज उष्ण व दमट हवेत एक वेगळाच त्रास देतात. काहींच्या आतल्या नळीचे प्लास्टिक कालांतराने विघटित होऊन आत पिवळसर स्फटिक जमतात. वरून होज नवा दिसतो आणि आतून प्रवाह अडतो. जुन्या विणलेल्या होजचे वय माहीत नसेल तर ते सरळ काढून टाकावेत. आणखी एक गैरसमज असा की गेजचा हाय प्रेशर होज फुटणे सर्वात धोक्याचे. आवाज भीतीदायक होतो, पण त्या होजकडे हवा सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून जाते, त्यामुळे भरलेली टाकी संपायला वीस मिनिटांच्या आसपास लागतात. लो प्रेशर होज तुटला तर तीच टाकी दीड मिनिटाच्या आसपास रिकामी होते. ज्याला आपण निरुपद्रवी समजतो, त्या इन्फ्लेटरच्या लो प्रेशर होजकडे जास्त लक्ष हवे.

पावसाळ्यात जलक्रीडा बंद असतात, तेव्हा चार महिने सेट पडून राहतो. नुकसान जास्त करून त्याच काळात होते. मेअखेर सेट आंघोळ घातल्यासारखा विसळून दोरीवर टांगला जातो. आतले मीठ सुकते, जूनच्या दमट हवेत पुन्हा ओलावते, आणि पितळेवर हिरवा थर चढतो. शेवटच्या डायव्हनंतर सेट टाकीला जोडून, दाबाखाली, कोमट गोड्या पाण्यात किमान तासभर भिजवावा. टाकीशिवाय भिजवायचा असेल तर झाकण घट्ट लावावे आणि पर्ज बटणाला हात लावू नये, कारण बटण दाबले की पाणी होजमधून उलटे फर्स्ट स्टेजपर्यंत जाते. झाकण टाकीच्या हवेच्या झोताने सुकवायची सवयही वाईट, तो झोत पाण्याचे थेंब फिल्टरवर उडवतो. कोरड्या फडक्याने पुसावे. मग सावलीत वाळवून, होज मोठ्या वेटोळ्यात ठेवून, हवेशीर जागी ठेवावा. हंगाम सुरू होण्याआधी, सप्टेंबरमध्ये, सर्व्हिस करावी. मे महिन्यात सर्व्हिस करून चार महिने ठेवलेला सेट ऑक्टोबरमध्ये न तपासता वापरणे म्हणजे अर्धे पैसे वाया घालवणे.

इतके सगळे उपकरणाबद्दल लिहिले, तरी पाण्याखाली हवा न मिळण्याचे पहिले कारण उपकरण नाही. डॅन या डायव्हिंग सुरक्षा संस्थेच्या संशोधकांनी १९९२ ते २००३ या काळातल्या ९४७ मृत्यूंचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध केला. ज्या प्रकरणांत सुरुवात कशाने झाली हे कळू शकले, त्यातल्या ४१ टक्क्यांत हवा अपुरी पडणे हेच निमित्त होते. उपकरणांतला बिघाड १५ टक्क्यांत होता. म्हणजे गेजकडे न पाहणे हे रेग्युलेटर बिघडण्यापेक्षा कितीतरी जास्त जीवघेणे आहे.

‘५० बारला वर यायचे’ हा नियम सगळे पाठ म्हणतात. तो ५० बार कुठे, तळाशी की होडीजवळ, हे कोणी सांगत नाही. हिशेब करून पाहू. १८ मीटरवर बडीची, म्हणजे जोडीदाराची, हवा गेली. आता एका टाकीवर दोघे. घाबरलेला माणूस मिनिटाला ३० लिटर ओढतो असे धरले तर दोघांचे ६०. तळाशी सावरायला, ऑक्टोपस द्यायला एक मिनिट, तिथला दाब २.८ बार: १६८ लिटर. मिनिटाला ९ मीटर या गतीने ५ मीटरपर्यंत यायला दीड मिनिट, सरासरी दाब २.१५ बार: १९४ लिटर. ५ मीटरवर तीन मिनिटे थांबा: २७० लिटर. शेवटचे ५ मीटर सावकाश, एका मिनिटात: ७५ लिटर. एकूण ७०७ लिटर, म्हणजे ११.१ लिटरच्या टाकीत ६४ बार. गेजची थोडी चूक धरून तळ सोडतानाचा आकडा ७० हवा. ३० मीटरसाठी हाच हिशेब ९४ वर जातो, तिथे १०० बारला तळ सोडलाच पाहिजे. कर्नाटकातल्या नेत्राणी बेटावर डायव्हला जाणाऱ्या मराठी मुलामुलींनी हा हिशेब स्वतःच्या टाकीच्या आकारमानाने आणि स्वतःच्या श्वासाच्या वेगाने होडीत बसण्याआधी करावा.

चाचणी डायव्हचे गणित वेगळे आणि जास्त काळजीचे. पर्यटकाला गेज वाचता येत नाही, तो त्याच्या पाठीमागे किंवा कडेला लटकलेला असतो. ६ मीटरवर दाब १.६ बार. नवखा माणूस मिनिटाला २८ लिटर ओढत असेल तर टाकीतून मिनिटाला ४ बार जातात, पंधरा मिनिटांत ६०. एकच टाकी तीन पर्यटकांना पुरवायची पद्धत असेल तर पहिला वर येतो तेव्हा १४० बार, दुसरा येतो तेव्हा ८०, आणि तिसरा २० बारवर, जेव्हा साधा रेग्युलेटर आधीच जड झालेला असतो. पैसे तिघांनीही सारखेच मोजलेले असतात. एका टाकीवर दोनच माणसे, आणि दुसऱ्याची सुरुवात १२० बारच्या खाली नाही, एवढा नियम प्रत्येक केंद्राने भिंतीवर लावावा. पर्यटकांनी पाण्यात उतरण्याआधी ‘माझ्या टाकीत आता किती बार आहेत, गेज दाखवा’ असे खुशाल विचारावे. विचारण्यात काही गैर नाही, आणि चांगला प्रशिक्षक आनंदाने दाखवतो.

तेवढ्यातच आणखी एक तपासणी होते. गेजवर नजर ठेवून माउथपीसमधून चार-पाच मोठे श्वास घ्यावेत. काटा जागचा हलता कामा नये. प्रत्येक श्वासाबरोबर काटा खाली जाऊन परत वर येत असेल तर टाकीचा व्हॉल्व्ह जेमतेम उघडलेला आहे. पूर्ण उघडून पाव फेरा मागे फिरवायची जुनी पद्धत यातूनच घोटाळा करते. कुणी तरी आधीच उघडलेला व्हॉल्व्ह दुसरा माणूस बंद करतो आणि सवयीने पाव फेरा उघडतो. होडीवर श्वास व्यवस्थित मिळतो, कारण वर हवा कमी लागते. १५ मीटरवर प्रत्येक श्वासाला अडीच पट हवा लागते आणि ती त्या फटीतून पुरत नाही. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद, मधली अवस्था नको.

पाण्याखाली बिघाड झालाच तर क्रम ठरलेला असावा. फ्री-फ्लो झाला तर माउथपीस ओठांत गच्च धरू नये. एका बाजूने सैल ठेवून जादा हवा बाहेर जाऊ द्यावी, लागेल तेवढी प्यावी, बडीला खूण करावी आणि लगेच वर निघावे. डायव्ह संपला. हवा थांबली तर पहिला पर्याय बडीचा ऑक्टोपस. तो भडक पिवळा असावा, हनुवटी आणि बरगड्यांच्या मधल्या त्रिकोणात सहज सुटेल असा अडकवलेला असावा, बीसीडीच्या खिशात कोंबलेला नको. होज किमान ९० सेंटिमीटरचा, नाही तर दोघांची डोकी एकमेकांवर आपटतात. बडी दूर असेल आणि खोली ९-१० मीटरच्या आत असेल तर रेग्युलेटर तोंडातच ठेवून, सतत ‘आऽऽ’ करत हवा सोडत, पोहत वर यावे. वर येताना दाब कमी होतो, तशी रिकाम्या वाटणाऱ्या टाकीतूनही एखाद-दोन श्वास मिळतात. श्वास मात्र कधीही रोखू नये. १० मीटरवरून वर येताना फुफ्फुसातली हवा दुप्पट होते, आणि रोखलेल्या श्वासाने फुफ्फुस फाटायला दोन मीटरही पुरतात.

एकट्याने किंवा खोल काम करणाऱ्यांनी स्वतंत्र रेग्युलेटरसह छोटी टाकी बाळगावी. ती किती मोठी हवी, याचे उत्तरही वरच्याच हिशेबात आहे. १८ मीटरवरून एका माणसाला वर यायला त्या रीतीने साधारण ३५० लिटर लागतात. ३ लिटरची, २०० बारची टाकी ६०० लिटर देते. हातात मावणाऱ्या इवल्याशा बाटल्यांत ८५ लिटरच्या आसपास हवा असते. १८ मीटरवर ती पहिल्याच मिनिटात संपते.

हवा मिळते पण ती विषारी असते, हाही हवेचा बिघाडच. कॉम्प्रेसरची हवा ओढणारी नळी इंजिनाच्या धुराच्या वाऱ्याखाली आली की कार्बन मोनॉक्साइड टाकीत जातो. त्याला वास नाही. ईएन १२०२१ या मानकात मर्यादा दहा लाखांत ५ भाग इतकीच आहे. १८ मीटरवर त्याचा परिणाम २.८ पट होतो. डिझेलवर चालणाऱ्या कॉम्प्रेसरची नळी उंच, आणि वाऱ्याच्या वरच्या बाजूला असावी. वारा दुपारी दिशा बदलतो, तेव्हा सकाळी बरोबर असलेली नळी दुपारी धुरात असू शकते. हातात धरायचा मोनॉक्साइड मापक प्रत्येक भरणी केंद्रावर असायला हवा. एकाच केंद्राच्या टाक्या वापरून दोघा-तिघांचे डोके दुखले तर त्या दिवशीच्या सगळ्या टाक्या बाजूला काढाव्यात.

आमची मागणी साधी आहे. प्रत्येक रेग्युलेटरला क्रमांक असावा आणि फर्स्ट स्टेजजवळच्या होजवर एक जलरोधक चिठ्ठी असावी. तिच्यावर शेवटच्या सर्व्हिसची तारीख, त्यानंतरचे डायव्ह, शेवटचा मोजलेला मधला दाब आणि मोजणाऱ्याची सही. महाराष्ट्र सागरी मंडळाने परवाना देताना आणि नूतनीकरण करताना होडी आणि लाइफ जॅकेटबरोबर ही नोंदवहीही मागावी. तारकर्लीला राज्याच्या पर्यटन महामंडळाची स्कूबा डायव्हिंग संस्था आहे. तिथे दर सप्टेंबरमध्ये स्थानिक तरुणांसाठी रेग्युलेटर दुरुस्तीचा अभ्यासक्रम आणि सर्व केंद्रांसाठी मधला दाब मोजण्याचे शिबिर भरवता येईल. गावातच दुरुस्ती होऊ लागली तर भर हंगामात सेट बाहेरगावी पाठवायचा कंटाळा हे कारण उरणार नाही.

आणि दुर्दैवाने अपघात झालाच, तर तो सेट धुऊ नये, उघडू नये, पर्ज दाबून रिकामा करू नये. टाकीचा व्हॉल्व्ह बंद करताना तो किती फेऱ्यांत बंद झाला ते मोजून लिहून ठेवावे, गेजवरचा आकडा लिहावा, फोटो काढावा, आणि टाकीत उरलेली हवा तपासणीसाठी तशीच राखून संपूर्ण सेट पोलिसांच्या ताब्यात द्यावा. व्हॉल्व्ह अर्धवट होता की फिल्टर तुंबला होता की टाकीच संपली होती, हे फक्त त्या सेटवरून कळते, आणि पुढच्या माणसासाठी ते कळणे आवश्यक आहे.

आपले,
स्कूबा उपकरणांची देखभाल करणारे तंत्रज्ञ व प्रशिक्षक,
सिंधुदुर्ग